पावातून उडालेलं पाणी

या, थोडं पुढे सरकून बसा. मागच्यांनीही जागा करून जवळ यावं, कारण आजचं आख्यान लहान आहे आणि हळू आवाजात सांगायचं आहे. राजाचं नाही, राणीचं नाही. एका पावाचं आहे, आणि त्या पावात कॅलरी किती हे शोधत बसलेल्या एका सुनेचं. हसू नका. देव कुठे भेटेल याचा काही नेम नाही. तिला तो एका बुधवारी दुपारी तीन वाजता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भेटला, आणि तिने, काटा बिघडलाय असं समजून, त्याला आधी दोन चापट्या मारल्या.

काट्यावर सातशे सत्तर असा आकडा होता. पाव उतरवून तिने काटा शून्यावर आणला, पाव पुन्हा ठेवला. सातशे सत्तर. मग मिठाची न फोडलेली किलोची पिशवी ठेवून पाहिली, तर काट्याने हजारावर पिशवीचे चार ग्रॅम इमानदारीने दाखवले. म्हणजे काटा शहाणा होता. मग पाव? पाव जाळीवर कलता ठेवलेला, वरून भाजून जवळजवळ काळा, मधोमध उलून फुटलेला, आणि आतून अजून बारीक तडतड करत होता. निवताना हा पाव बोलतो, असं सासरे म्हणायचे. दुपारी तो भांड्यात गेला तेव्हा नऊशे साठ ग्रॅमचा होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग एकशे नव्वद ग्रॅम गेले कुठे? खाल्ले म्हणावेत तर पावाला सुरी लागलेली नव्हती, आणि तो खाणारे सासरे खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांच्या खिडकीची खडखडणारी काच बघायला गेले होते. जाताना पाव कापायचा राहिला, ही गेल्या तेरा दिवसांतली पहिलीच वेळ. एरवी तो कोमट असतानाच त्याची कड तोडली जायची, त्यामुळे आख्खा पाव काट्यावर चढल्याचा प्रसंगच आला नव्हता. ती दचकली. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि पाय हवेत पडावा, तसं.

सासऱ्यांना सगळे काचमास्तर म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. खडूची पूड आणि तेल एकत्र मळून केलेली, काच धरून ठेवणारी लांबी अंगठ्याने चौकटीत दाबत गेले. काम सोडल्यावर हात शिवशिवायला लागले आणि मग कधीतरी पिठात शिरले. बाजारात ज्याला सावरडो म्हणतात तो आंबट पाव ते घरी करत. बरणीत पीठ आणि पाणी कालवून ठेवायचं, त्याला आपोआप बुडबुडे येतात, आंबूस वास येतो. हे विरजण रोज थोडं पीठ घालून जिवंत ठेवायचं आणि त्यावरच पाव फुगवायचा. वजनकाटा त्यांना चालत नसे. पीठ पत्र्याच्या पेल्याने, पाणी डोळ्याने, मीठ तीन बोटांच्या चिमटीने. ती रुग्णालयात आहारतज्ज्ञ, दिवसभर रोग्यांच्या ताटांचे आकडे मांडणारी. तिने एकदा काटा पुढे सरकवला तेव्हा ते म्हणाले होते, "पोरी, माझ्या पावाला दवाखान्यात भरती करू नकोस." त्यानंतर चारच महिन्यांत ते स्वतः भरती झाले. पोटाचं ऑपरेशन झालं, जठराचा मोठा भाग काढला. घरी परत आले ते आपल्याच कोटात हरवल्यासारखे, निम्मे. जिभेवर सगळं ओल्या लोखंडासारखं लागायला लागलं. सूप लोखंड, भात लोखंड, दूध लोखंड. ओळखीचा लागला तो एकटा आंबट पाव. आणि डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की दोन आठवडे रोजच्या खाण्याची वही ठेवा. दिवसाला सरासरी बाराशे कॅलरी पोटात जात नसतील तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, आणि त्यासाठी काही आठवडे वॉर्डात राहावं लागेल. बाराशे हे काही फार नव्हतं, पण खाली जायलाही जागा नव्हती. गुरुवारी सकाळी अकराला वही घेऊन या. वही तिनेच लिहायची, कारण डॉक्टरीणबाई तिच्याच रुग्णालयातल्या. "तुमची वही म्हणजे मला पुन्हा तपासायला नको," असंही त्या म्हणाल्या होत्या, आणि त्या कौतुकाचं ओझं ती तेरा दिवस वागवत होती.

काचमास्तरांनी मान हलवून ऐकून घेतलं होतं आणि बाहेर आल्यावर म्हणाले होते, आयुष्यभर लोकांच्या खिडक्या बंद केल्या, आता माझ्याच नाकाची उघडी ठेवणार म्हणतात. ती हसली होती. नळीशी तिचं वैर नव्हतं, हे लक्षात ठेवा. नळीने तगलेली, पुन्हा आपल्या पायांनी घरी गेलेली कितीतरी माणसं तिने पाहिली होती. तिने स्वतः कित्येकांच्या कागदावर नळीची शिफारस लिहिली होती. पण या माणसाच्या जिभेला सगळ्या जगातली एकच चव आठवत होती. नळी घातली की तीही विसरली जाईल, मग पुन्हा तोंडाने खायला लावणं म्हणजे विझलेल्या चुलीला फुंकर घालत बसणं, हेही ती जाणून होती. दोन्ही खरं. म्हणूनच आकडा खरा हवा होता. बरा नको, सोयीचा नको, खरा.

आणि आकडा खरा काढायला तिने चोरी केली. म्हणजे काय, तर पाव करण्याच्या आदल्या संध्याकाळी पिठाचा डबा गुपचूप वजन करून ठेवायची, आणि त्यांचं मळून झालं की पुन्हा करायची. पाचशे ग्रॅम पीठ जायचं. पाच-दहा इकडे तिकडे, पण पाचशेच. त्या हाताचं तिला नवल वाटायचं. तशीच बरणी आणि पाण्याचा तांब्याही तोलून पाहिला: विरजण शंभर, त्यात निम्मं पीठ. पाणी साडेतीनशे, मीठ दहा. बेरीज नऊशे साठ. पिठाच्या कॅलरी पाकिटावर छापलेल्या, शंभराला साडेतीनशे. साडेपाचशे ग्रॅमचे झाले एकोणीसशे पंचवीस. एकोणीसशे पंचवीस भागिले नऊशे साठ. ग्रॅमला दोन. इतका गोंडस आकडा आला की त्याच्याकडे संशयाने बघायला मनच झालं नाही. मग ते टेबलाशी बसले की फ्रिजच्या आडोशाने पावाचा काप काट्यावर टेकवायचा, ऐंशी ग्रॅम तर एकशे साठ, सत्तर तर एकशे चाळीस, आणि वहीत टिपायचं. दिवसाकाठी तीनशे ग्रॅमच्या आसपास पाव जायचा. त्याचे सहाशे. बाकी अंडं, लोणी, उकडलेला बटाटा, अर्धं केळं. तेरा दिवसांची सरासरी एक हजार चौऱ्याहत्तर. वहीचं पान उलटलं की आकडा तिच्याकडे बघायचा, आणि ती दुसरीकडे बघायची.

नवऱ्याने मंगळवारी जेवताना विषय काढला होता. सज्जन माणूस, नकाशे काढायच्या कचेरीत काम करणारा, वडिलांवर जीव. त्याने तिला समजावलं की वही तीच लिहिणार, वाचणार त्या बाई, मधे कोण आहे? सव्वाशे कॅलरी म्हणजे काय, एक केळं. ती म्हणाली, "मग ते केळं आधी त्यांना खाऊ घाल, लगेच लिहिते." तो उठून खरंच एक केळं सोलून वडिलांच्या खोलीत घेऊन गेला, आणि पाच मिनिटांनी तेच स्वतः खात बाहेर आला. दोघंही हसली, पण हसून झाल्यावर ती ताट घासत उभी राहिली, आणि तिला आपली आई आठवली.

आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. रोज संध्याकाळी फोन. जेवलीस का? हो गं, पोटभर. काय जेवलीस? सगळं. तू जेवलीस का? असं वर्षभर चाललं. प्रत्येक फोननंतर ती निश्चिंत व्हायची, कारण जेवले या शब्दाने माणूस निश्चिंत होतोच. तो शब्द त्यासाठीच असतो. मग एकदा न कळवता गेली तेव्हा आईने दार उघडलं, आणि तिचं लक्ष आईच्या बोटाकडे गेलं. अंगठी निसटू नये म्हणून आतून दोरा गुंडाळला होता. पांढरा शिवणाचा दोरा, बरेच वेढे, वरचे वेढे नवे, आतले मळलेले. म्हणजे एकदाच नाही, पुन्हा पुन्हा गुंडाळावा लागला होता. त्या दोऱ्याने तिला जे सांगितलं ते वर्षभराच्या फोनने सांगितलं नव्हतं. आई फार दिवस राहिली नाही. तेव्हापासून जेवलो, झालं माझं, पोट भरलं असली वाक्यं तिच्या कानावर आली की ती मान डोलावते आणि ताटाकडे बघते. रुग्णालयात तिला त्यासाठी नावं ठेवतात. काचमास्तरांनाही तीच सवय. "झालं माझं" म्हणत खुर्ची मागे ढकलायची. ती खुर्ची सरकल्याचा आवाज आला की तिचा हात आपोआप वहीकडे जायचा.

तर मंडळी, अशी ती सुनबाई बुधवारी दुपारी सातशे सत्तरसमोर उभी आहे. खिडकीतून उन्हाचा पट्टा ओट्यावर आलेला. बिडाचं जाड भांडं अजून गरम, त्याच्या झाकणाला आतून थेंबांचे वाळलेले डाग. त्या डागांवर तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. झाकण काढताना दर वेळी वाफेचा केवढा लोट येतो, सासऱ्यांचा चष्मा पांढरा होतो, ते आंधळ्यासारखे हात पुढे करून फडकं शोधतात आणि ती ते हातात देते. तेरा दिवसांत आजच्या आधी पाच पाव. पाचही वेळा तिने फडकं दिलं होतं आणि ती वाफ तिच्याही तोंडावर आली होती. पाणी. पावातलं पाणी उडून जातं. पाण्याला कॅलरी नसते. पिठातलं सगळं पिठातच राहतं आणि पाव हलका होतो, म्हणजे उरलेल्या प्रत्येक ग्रॅमात अन्न जास्त. तिने भागाकार कणकेच्या वजनाने केला होता, आणि काप मोजले होते भाजलेल्या पावाचे. रुग्णालयात ती तयार पाव मोजायची, घरी कच्ची कणीक मोजत होती. दोन्ही घरं पायाखालची, फक्त मधला उंबरठा विसरली होती. आणि तो उंबरठा म्हणजे दोनशे तीस अंशांवर तापलेला ओव्हन! कचेरीत तिच्या खुर्चीमागच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यात पावाला शंभर ग्रॅमला अडीचशेच्या घरातला आकडा छापलेला आहे, आणि तो बाजारच्या पावाचा, आपला घरचा, आपण नेमकं काढू, असं म्हणून तिनेच तो बाजूला सारला होता. नेमकेपणाचा गर्व. त्याला शिक्षाही नेमकीच मिळाली होती.

तिने पेन्सिल घेतली. एकोणीसशे पंचवीस भागिले सातशे सत्तर. अडीच. हात थांबला. कारण हाही आकडा गोंडसच होता, आणि गोंडस आकड्याने एकदा फसवलेलं होतं. शिवाय हा हवा तसा होता, अगदी हवा तेव्हा आला होता. वाटेत पाकीट सापडावं तसा. तिच्या मनाने लगेच चारी बाजूंनी वकील उभे केले. बरणीतले जीव? ते पिठातली साखर खाऊन जगतात, तोच तर पाव फुगण्याचा मार्ग. त्यांचं जेवण वजा करायला हवं. कमी असतं ते, पण असतं. तिने शंभरात दोन त्यांच्या ताटात वाढले. आधी त्यांनी जेवावं, मग घरच्यांनी; हिशोबात ते बसवताना तिला उगाच बरं वाटलं, दारी आलेल्याला वाढून मग पानावर बसल्यासारखं. आकडा किंचित खाली आला, दोन पूर्णांक पंचेचाळीस. पाचही पाव असेच भाजले होते का? होते, असेच काळपट, त्यांना गोरा पाव आवडतच नाही. तीनशे ग्रॅमला पूर्वी सहाशे, आता सातशे पस्तीस. सरासरी एक हजार दोनशे नऊ.

ती स्टुलावर बसली. आनंद झाला म्हणावं तर तो दाराबाहेर चप्पल काढत घुटमळत होता, आत येत नव्हता. मी हे खरं आहे म्हणून मानतेय, की हवं आहे म्हणून? मंगळवारी नवरा जे करायला सांगत होता तेच मी बुधवारी पेन्सिलीने केलं नाही ना? मग तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी तिने आठवडाभर मनाआड टाकली होती. न्हाणीघरातल्या माणसांच्या काट्यावर सासऱ्यांचं वजन उतरत नव्हतं. हजारावर जगणाऱ्या माणसाचं उतरायला हवं होतं. तिने काट्याला दोष दिला होता, मग पायांना सूज आली असेल म्हणून त्यांचे घोटे दाबून पाहिले होते. ते म्हणाले होते, काय शोधतेस, तिथे काच नाही बसवलेली. सूज नव्हती. शरीर खरं सांगत होतं आणि तिची वही त्याला खोटं पाडत होती. आईच्या वेळी शब्द खोटा आणि शरीर खरं होतं. या वेळी आकडा खोटा आणि शरीर खरं. काहीही घ्या, शरीर आपलं बिचारं उभं राहून साक्ष देत असतं. तेव्हा कुठे आनंद आत आला आणि बसला. तिने वहीतला एकही जुना आकडा खोडला नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर नवा भागाकार मांडला, वर लिहिलं, माझी चूक, आणि खाली सही केली. जिन्यावर पावलं वाजली. काचमास्तर वर येत होते, दर पाच पायऱ्यांना थांबत, पण येत होते. आत येऊन त्यांनी पावाकडे पाहिलं, अजून शाबूत कसा म्हणून आश्चर्य केलं, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीची लांबी कुणा अनाड्याने लावलीय ते सविस्तर सांगत कड कापायला घेतली.

गुरुवारी अकराला डॉक्टरीणबाईंनी शेवटचं पान दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला ठाऊक होती. वहीत सगळं अचानक छान झालेल्या रोग्यांकडे ती स्वतः तशी बघायची. बाई शांतपणे म्हणाल्या, "अगदी बाराशे नऊ?" ती म्हणाली, "बाराशेच्या खाली आला असता तरी हेच पान दाखवलं असतं. कणीक मोजली, पाव खाल्ला. माझं चुकलं." बाईंनी वही मिटली. काचमास्तरांना काट्यावर उभं केलं. दोन आठवड्यांपूर्वी पंचेचाळीस किलो नऊशे. आता सेहेचाळीस चारशे. बाईंनी घोटे दाबून पाहिले, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि नळीचा कागद फाइलमधून काढून टेबलाच्या खणात ठेवला. फाडला नाही, हे खरं. महिन्याने पुन्हा या म्हणाल्या. आणि निघताना तिला विचारलं की पाणी किती टक्के उडतं, कारण त्यांच्याही घरी नवऱ्याने तो उद्योग सुरू केलाय आणि पावाची वीटच होते.

बाहेर अंगणात बाकावर सून-सासरे बसले; नवरा गाडी आणायला गेला होता. ऊन कोवळं होतं. तिला आता सांगणं भाग होतं, कारण डॉक्टरांसमोर डब्याचं वजन निघालं होतं. तिने खाली बघून सांगितलं की तुम्ही नको म्हटलं होतं, तरी मी तेरा दिवस तुमचं पीठ चोरून मोजलं, काप मोजले. काचमास्तरांनी रुमालाने चष्मा पुसायला घेतला. काच पुसताना त्यांचे हात अजूनही कारागिराचे होते. म्हणाले, दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. डब्यावरचं चित्र भिंतीकडे तोंड करून बसलं होतं, इतकी वर्षं ते माझ्याकडे बघतं. तिने विचारलं, मग रागावला का नाहीत?

चष्मा डोळ्यांवर चढवून ते थोडा वेळ समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत राहिले.

"भूक नव्हती गं," ते म्हणाले. "अजूनही नाही. दोन तुकड्यांत संपतं माझं. पण तू ती वही घेऊन फ्रिजमागे उभी राहायचीस, आणि तुझी सावली इकडे टेबलावर पडायची. वाटायचं, पोरीचा आकडा कमी भरायला नको. मग अजून एक घ्यायचो."

तेरा दिवस ती समजत होती की जेवण झालं की आपण मोजतो. आपण मोजतो म्हणून जेवण होत होतं, ही बाजू तिच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. मग तिने विचारलं की आता नळी टळली, तर वही बंद करू का. पुन्हा चोरी नको.

"बंद कशाला? लिहीत जा," काचमास्तर म्हणाले. "उद्यापासून समोर बसून लिही, एवढंच. मी खातो."

गाडी आली. आख्यान इथेच संपतं, आणि मागणं एकच आहे. आज घरी जाऊन पानावर बसाल तेव्हा पहिला घास तोंडाशी नेण्याआधी त्या काचमास्तरांना एकदा आठवा, ज्यांना भूक नव्हती आणि तरी दुसऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून जे एक तुकडा जास्त खात होते. देवाने त्यांना जपावं.